मीच म्हटलं होतं

पडद्यावर बायकोचं नाव आलं तेव्हा विपुल पाण्याची बाटली तोंडाला लावत होता. नाव पूर्ण होतं, सुरेखा विपुल भोईर, आणि त्याच्या आधी लहान अक्षरांत ‘तयार केलं’ असं लिहिलेलं होतं. मधलं नाव त्याचंच होतं, तरी क्षणभर त्याला ते कुणा दुसऱ्याच विपुलचं वाटलं. घोट गिळायचा राहून गेला. खालापूरच्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कंपनीत संगणकाचं जे काही असेल ते अकरा वर्षं विपुल बघत होता. अडकलेल्या प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत. गेले तीन महिने त्याच्याकडे एकच काम होतं. माल कुठल्या टेंपोत भरला, कधी निघाला, पोचला की नाही, हे डिस्पॅचच्या वहीत एक, एक्सेलमध्ये दुसरं आणि फोनवरच्या फोटोंत तिसरंच असायचं. ते सगळं एका जागी आणायचं होतं. त्यासाठी कोड न लिहिता, तयार चौकटी ओढून-जोडून अ‍ॅप बनवता येतं अशी साधनं बाजारात होती, आणि त्यांतलं कुठलं घ्यायचं हे विपुलनं ठरवायचं होतं. त्यानं तीन निवडली, तीन रकाने पाडले, प्रत्येकाला गुण दिले. सोमवारच्या बैठकीत तो तिसऱ्याच्या बाजूनं बोलत होता. ते सगळ्यांत महाग होतं, आलेख सुरेख काढायचं, आणि ते शिकायला पुण्याला जावं लागणार होतं. तो बोलून थांबला तेव्हा डिस्पॅचचा कमलेश खुर्चीत पुढं सरकून म्हणाला, “सर, आमच्याकडं एक चालू आहे. सात-आठ महिने झाले. दाखवू का?” आणि त्यानं आपला फोन पडद्याला जोडला.

कारखान्याचे प्रमुख हर्षद सर चष्मा वर करून वाचू लागले. पडद्यावर तीन मोठी बटणं होती, पिवळं, निळं, हिरवं. भरला, निघाला, पोचला. खाली भरलेल्या टेंपोचा फोटो, चालकाचं नाव, वेळ. कमलेशनं एक बटण दाबून दाखवलं, मागच्या शेडमध्ये नेटवर्क नसतं म्हणून नोंद फोनमध्येच राहते आणि गाडी गेटवर आली की आपोआप वर जाते हे सांगितलं. विपुलच्या रकान्यांतल्या दुसऱ्या साधनावर ते बनवलेलं होतं. त्याला त्यानं सगळ्यांत कमी गुण दिले होते. “हे सुरेखानं केलं?” हर्षद सरांनी विचारलं. “आपल्या डिस्पॅचच्या खिडकीवरच्या सुरेखानं? अहो विपुल, घरातच माणूस आहे आणि तुम्ही आम्हाला पुण्याला पाठवताय?” सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. विपुलही हसला, आणि हसता हसता त्याच्या तोंडून गेलं, “मीच म्हटलं होतं तिला, करून बघ म्हणून.” वाक्य इतकं सहज बाहेर पडलं की कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. फक्त कमलेशनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि मग फोनची वायर काढायला मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेकडं विपुल बैठक संपेपर्यंत बघत राहिला. ह्याला माहीत होतं. सात-आठ महिने ह्याला माहीत होतं.

संध्याकाळी ती नेहमीसारखी गेटवर उभी होती. पुठ्ठ्याचा बारीक भुसा ओढणीला चिकटलेला, डबा पिशवीत. ती मागं बसली, खांद्यावर हात ठेवला, आणि खोपोली मागं टाकून ते कर्जतच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना भात कापून झालं होतं, खाचरांत पेंढ्या उभ्या होत्या आणि हवेत ओल्या पेंढ्याचा वास होता. विपुल वाट बघत होता. ती आता बोलेल. कमलेशनं तिला सांगितलं असणारच. पळसदरी आली, गेली. ती म्हणाली, “चारफाट्यावर थांबा जरा. वांगी घ्यायची हायत.” तो थांबला. ती भाजीवाल्याशी बोलत वांगी निवडत होती, एकेक उचलून देठ बघत, आणि तो गाडीवर बसून तिच्या बोटांकडं बघत होता. त्या बोटांना त्यानंच माऊस धरायला शिकवला होता. कर्जत स्टेशनजवळच्या क्लासमध्ये तो शिकवायचा, ती पोशीरहून यायची, बारावी झालेली, दोन वेण्या. बेरजेचं सूत्र तिला चार वेळा सांगावं लागलं होतं. पाचव्या वेळी तिनं ते बरोबर लिहिलं आणि वळून त्याच्याकडं असं पाहिलं होतं की जणू उत्तर त्यानंच तिच्या हातात ठेवलंय. लग्नानंतरची सोळा वर्षं तो त्या नजरेवर बसून होता, हे त्याला आज, वांग्यांच्या हातगाडीसमोर, कळलं. फोन बिघडला, बिल भरायचं राहिलं, मुलीच्या शाळेचा अर्ज उघडेना, की ती त्याच्याकडं यायची, आणि तो हातातलं काम न सोडता म्हणायचा, “ठेव तिथं, बघतो.” ती ठेवायची. आठ महिने तिनं काही ठेवलं नव्हतं आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यानं केबिनचं दार लोटून घेतलं आणि आपल्या लॅपटॉपवर तिचं खातं उघडलं. पासवर्ड त्यानंच कधीतरी घालून दिलेला होता, मुलीचं नाव आणि जन्मसाल. तिनं तो बदलला नव्हता. याचाही त्याला राग आला. लपवायचं होतं तर नीट लपवायचं. अ‍ॅपच्या आत गेल्यावर एका बाजूला सगळ्या बदलांची यादी होती, प्रत्येक बदलापुढं तारीख आणि वेळ. तो वरून खाली न वाचता अगदी तळाशी गेला. पहिली नोंद, चौदा जानेवारी, दुपारी तीन चाळीस. संक्रांत. त्या दिवशी ते पोशीरला तिच्या माहेरी होते, जेवण जड झालं होतं, तो आतल्या खोलीत झोपला होता आणि ती बाहेर ओट्यावर फोन घेऊन बसली होती. मालिका बघत असेल, असं झोपेत जाता जाता त्याला वाटलं होतं. अकरा मार्च, दुपारी एक बारा. त्यानं स्वतःचा फोन काढून पाहिला. त्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी त्यानं ‘जेवलीस?’ विचारलं होतं आणि वीस मिनिटांनी तिचं ‘हो’ आलं होतं. त्या वीस मिनिटांत तिनं हिरवं बटण केलं होतं. मग एप्रिल. एप्रिलमध्ये त्याची आई चार दिवस कर्जतच्या दवाखान्यात होती. बाहेरच्या बाकावर सुरेखा मान खाली घालून बसलेली असायची, आणि दारातून तिची ती शांत मान दिसली की त्याला बरं वाटायचं. आपलं माणूस बसलंय, असं. एप्रिलच्या त्या चार दिवसांत तेवीस बदल होते. त्याला जे शांत वाटलं होतं ते हे होतं. ती तिथं बसली होती पण तिथं नव्हती. ती तिच्या पिवळ्या-निळ्या बटणांत होती, आणि तो दारात उभा राहून त्याच मानेचा आधार घेत होता.

एका कोपऱ्यात टिपणांची जागा होती. तिथं कमलेश होता. ‘मस्त. “परत आला” पण टाका.’ खाली तिचं, ‘टाकते, दोन दिवस द्या.’ ‘घाई नाही.’ रोहिदास नावाच्या चालकानंही लिहिलं होतं, म्हणजे बोलून पाठवलं होतं. विपुलनं ते ऐकलं. “ताई, ते इंग्लिश नाय कळत. रंग ठेव. रंग कळतो.” त्याच्यामागं टेंपोचं इंजिन आणि कुणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं. म्हणजे रंग असे आले होते. विपुल तीन महिन्यांत एकाही चालकाशी बोलला नव्हता. त्यानं आलेख पाहिले होते. कमलेशची टिपणं त्यानं मोजली, एकतीस. प्रत्येक वाचलं. त्यांत पकडण्यासारखं काही नव्हतं. ‘मॅडम’ होतं, ‘धन्यवाद’ होतं, एकदा हसरा चेहरा होता. काहीतरी असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि तो दचकला. काहीतरी असतं तर रागावता आलं असतं, ओरडता आलं असतं, त्या रागाला नाव असतं. हे नुसतं काम होतं. दोन माणसं काम करत होती आणि त्यांना त्यात मजा येत होती. तसं एकमेकांना ‘घाई नाही’ म्हणत आपण दोघांनी शेवटचं काय केलं, हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला. घराला रंग दिला होता. तो रंगही त्यानं निवडला होता.

मग त्याला ती ओळ दिसली. फेब्रुवारीतली, तिनं स्वतःसाठी लिहिलेली. ‘ह्यांना विचारायचं – तारीख उलटी का येते? ८ फेब्रुवारीचं २ ऑगस्ट होतं.’ त्याखाली तीन दिवसांनी एकच शब्द, ‘सापडलं.’ त्याला आठवायला वेळ लागला नाही. रविवार होता, टीव्हीवर सामना चालू होता, आणि ती दोन कप चहा घेऊन येऊन त्याच्या शेजारी टेकली होती. “तारीख उलटी येती ती सुलटी कशी करायची, वो?” तिनं विचारलं होतं. तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला होता, “तुला कशाला हवंय ते?” ती म्हणाली, “सहजच.” चहा संपेपर्यंत ती बसली होती. मग कप घेऊन आत गेली. दीड मिनिटाचं काम होतं ते. एक सेटिंग बदलायचं. तिनं त्यासाठी तीन दिवस घालवले असतील, आणि तिसऱ्या दिवशी सापडल्यावर ती हसली असेल, आणि ते हसू त्यानं पाहिलं नाही. कुणी पाहिलं? लॅपटॉपसमोर बसून त्याला मत्सर वाटला. कमलेशचा नव्हे. त्या तीन दिवसांचा. ते त्याच्या घरातले, त्याच्या छपराखालचे तीन दिवस होते आणि ते त्याला मिळाले नव्हते.

अशा वेळी माणसानं उठून खाली जावं, डिस्पॅचच्या खिडकीशी उभं राहून बायकोला दोन शब्द चांगले बोलावेत. विपुललाही ते सुचलं नाही असं नाही. पण त्यानं खातं बंद केलं, कोरं पान उघडलं आणि हर्षद सरांना अहवाल लिहायला घेतला. लिहिताना हात भराभर चालत होता. सध्याचं अ‍ॅप एका कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यावर चालतं. कंपनीची माहिती, ग्राहकांची नावं, चालकांचे फोटो त्या खात्यात आहेत. उद्या ती व्यक्ती नोकरी सोडून गेली तर सगळं तिच्याबरोबर जाईल. सबब ते तातडीनं बंद करावं आणि तिसरं साधन घ्यावं. यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि खरा होता म्हणूनच त्याला बरं वाटत होतं. ‘ती व्यक्ती’ हे लिहिताना तेवढं एकदा थांबायला झालं. मग त्यानं पुढं लिहिलं आणि तीन वाजायच्या आत पाठवून दिलं.

बुधवारी दुपारी हर्षद सरांनी बोलावलं. अहवाल छापून समोर ठेवला होता, एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ. “मुद्दा बरोबर आहे तुमचा,” ते म्हणाले. “पण मला एक कळलं नाही. परवा तुम्ही म्हणालात, तुम्हीच तिला सांगितलं होतं करून बघ म्हणून. मग तेव्हाच कंपनीचं खातं का नाही उघडून दिलंत? ते तर तुमच्याच हातात आहे.” बाहेर पुठ्ठा कापायच्या यंत्राचा ठोका चालू होता, ठक, ठक, आणि प्रत्येक ठोक्याला उत्तर लांब जात होतं. हर्षद सर चिडले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. विपुल काही बोलेना तेव्हा त्यांनी खाली फोन लावला आणि सुरेखाला वर पाठवा म्हणून सांगितलं. ती येईपर्यंतची तीन-चार मिनिटं विपुल त्या पेन्सिलीच्या रेघेकडं बघत होता. ती खरं सांगेल. तिनं खरं सांगावं, असंही त्याला वाटत होतं. एकदा सगळं पडून जावं आणि मोकळं व्हावं.

ती आली, दारातच उभी राहिली. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर बसली. हर्षद सरांनी विचारलं, “सुरेखा, हे अ‍ॅप करायला तुम्हाला विपुलनं सांगितलं होतं ना?” तिनं विपुलकडं पाहिलं. फार वेळ नाही. तिच्या कपाळावर पुठ्ठ्याचा एक कण होता आणि तो काढावा असं त्याला वाटलं. “हो सर,” ती म्हणाली. “त्यांनीच सांगितलं होतं. कंपनीचं खातं मागून घ्यायचं माझ्याकडून राहिलं.” हर्षद सरांनी मान हलवली. प्रश्न त्यांच्यापुरता सुटला. मग ते कामाचं बोलू लागले. हेच अ‍ॅप ठेवायचं, कंपनीच्या खात्यावर आणायचं, ते विपुलनं दोन दिवसांत करायचं. महागडं काही घ्यायचं नाही. सोमवारपासून सुरेखानं सगळ्या चालकांना आणि गेटवरच्या माणसांना शिकवायचं, आणि पुढच्या महिन्यापासून डिस्पॅचची खिडकी सोडून वर ऑफिसात बसायचं. “जमेल ना?” “जमेल सर.” तिनं हे दोन शब्द म्हटले तेव्हा तिचा आवाज किंचित कापला, आणि विपुलला वाटलं, सोळा वर्षांत हा आवाज आपण ऐकलेला नाही.

परतताना पळसदरीच्या पुढं ती म्हणाली, “गाडी थांबवा जरा.” त्यानं कडेला घेतली. ती उतरली आणि खाचराच्या बांधावर जाऊन उभी राहिली. लांब कुठंतरी भात झोडत होते, त्याचा धप धप आवाज येत होता. विपुल गाडीवरच बसून राहिला. शेवटी तोच म्हणाला, “मी तुझं खातं उघडलं होतं. काल.”

“म्हाईत हाय मला,” ती म्हणाली. “मेल आला होता. दुसऱ्या लॅपटॉपवरनं कुणी उघडलं म्हणून. जेवत होते मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमी सांगाल म्हटलं. काल रात्री सांगाल, आज सकाळी सांगाल.” ती वळली नाही. “सगळं वाचलंत?”

“हो.”

“कमलेशभाऊंचं पण?”

तो काही बोलला नाही. तिनं तेवढ्यावरून ओळखलं, आणि तिला हसू आलं असावं, कारण तिचे खांदे जरासे हलले. मग ते स्थिर झाले.

“सुरेखा, तू मला दाखवलं असतंस तर मी मदत केली असती गं. चांगलं करून दिलं असतं.”

“तेच ना,” ती म्हणाली. “तुमी चांगलंच करून दिलं असतं. पण मग ते तुमचं झालं असतं.”

त्यावर त्याला म्हणायचं बरंच होतं. असं कधी झालंय, हे विचारायचं होतं. पण विचारायच्या आधीच त्याला एकेक दिसायला लागलं, मुलीच्या शाळेची निवड, तिच्या भावाच्या दुकानाची पाटी, घराचा रंग, आणि सोमवारच्या बैठकीतलं ते स्वतःचं वाक्य. तिच्या हातची वस्तू त्यानं न बघताच आपली केली होती. बघितली असती तर काय केलं असतं! त्यानं हँडलवरचा हात काढून मांडीवर ठेवला. “तिथं तू हो का म्हणालीस?” त्यानं विचारलं.

“मग काय म्हणणार? माणसं बसली होती.” आता ती वळली. चेहरा रागावलेला नव्हता, दमलेला होता. “तिथं म्हटलं हो. पन घरात नाय म्हणणार, एवढं ध्यानात ठेवा. आनि सोमवारपासनं मी कंपनीच्या बसनं जाते. सातला येती ती चारफाट्यावर. शिकवायचंय तर लवकर पोचाया पायजे मला.”

“मी सोडीन ना लवकर.”

“नको,” ती म्हणाली आणि मागं येऊन बसली. हात खांद्यावर नाही ठेवला. गाडीची मागची दांडी धरली.

खातं त्यानं शुक्रवारी बदलून दिलं. काम वीस मिनिटांचं होतं, त्यानं सबंध सकाळ लावली, तिनं बांधलेली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी पलीकडं गेली का ते पुन्हा पुन्हा बघत. काही ठिकाणी त्यानं वेगळं केलं असतं. एक ठिकाण तर सरळसरळ ओबडधोबड होतं, आणि त्याचा हात तिथं गेलाही. त्यानं हात मागं घेतला. ते ओबडधोबड का आहे हे त्याला कळत नव्हतं, आणि कळत नसताना हात लावायचा नाही हे तो दुसऱ्यांच्या कामाच्या बाबतीत अकरा वर्षं पाळत आला होता.

सोमवारी ती साडेसहाला निघाली. तो साडेसातला. त्याच रस्त्यावर, तेच वळण, मागं कुणी नाही, आणि गाडी हलकी झाल्यामुळं खड्ड्यांत जास्त उडत होती. बसमध्ये ती खिडकीशी बसली असेल, शेजारी कुणी असेल, कुणाशी काय बोलत असेल. याचाही त्याला मत्सर वाटला, त्या न पाहिलेल्या खिडकीचा, त्या शेजारच्या माणसाचा. आता मत्सर आला की त्याला लगेच ओळखू यायचा. किडलेल्या दाढेसारखा होता, जीभ लावायची नाही ठरवलं तरी लागायची.

वरच्या मोठ्या खोलीत चौदा चालक, गेटवरची तीन माणसं आणि कमलेश बसले होते. सुरेखा पुढं उभी होती. विपुल दारात थांबला. आत जाऊन पडद्याच्या वायरी बघाव्यात, ध्वनी नीट आहे का ते विचारावं, म्हणजे आपलं तिथं असणं ठीक दिसेल, असं त्याच्या मनात आलं. पण वायरी नीट होत्या. तो मागच्या रांगेत रोहिदासशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला. रोहिदासनं त्याला जागा करून दिली आणि हळूच विचारलं, “साहेब, तुमी पण?” विपुलनं मान हलवली. सुरेखा सांगत होती. ती हळू बोलत होती, हातात फोन वर धरून, एकेक रंग दाखवत. अर्ध्या तासानं ती त्या ओबडधोबड जागेपाशी आली. मागच्या शेडमध्ये दोन गाड्या एकदम भरल्या आणि दोन्ही फोनांना नेटवर्क नसलं, तर गेटवर कुणाची नोंद आधी धरायची, त्याचं तिनं काहीतरी केलं होतं. तिनं ते सांगितलं. चालकांनी माना डोलावल्या. त्यांना ते रोजचं होतं. विपुलला ते कळलं नाही. त्यानं डोक्यात एकदा फिरवून पाहिलं, तरी नाही कळलं.

“कुणाला काही विचारायचंय?” सुरेखानं विचारलं.

विपुलनं हात वर केला. पुढच्या दोन-तीन माना मागं वळल्या. कमलेशचीही वळली. तोंडात जे आलं होतं ते ‘सांग’ असं होतं. ते त्यानं गिळलं.

“ते दोन गाड्यांचं,” तो म्हणाला. “मला नाही समजलं. परत एकदा सांगा.”

कुणीतरी हसलं. सुरेखा हसली नाही. ती क्षणभर त्याच्याकडं पाहत राहिली. मग तिनं खडू उचलला, फळ्यावर दोन चौकोन काढले, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.